आईच्या साड्यांची गोधडी, घरी दोन पोट्टे आणि रोजचा अर्धा तास

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा ना: बायकोची नोकरी शिफ्टची, तुम्ही घरून काम करता, घरी एक पाच वर्षांचं आणि एक दीड वर्षाचं लेकरू, दिवसातून फार तर अर्धा तास मोकळा. आई मागच्या वर्षी गेल्या, त्यांच्या नऊ सुती साड्या कपाटात आहेत आणि त्यांची डबलबेडची गोधडी स्वतःच्या हातानं शिवायचीय, पण आजवर शर्टाचं बटण लावण्यापलीकडे सुई धरलेली नाही. मशीन कोणती घेऊ, क्लास लावू की व्हिडिओ पाहून जमेल, किती दिवस लागतील आणि साड्या आधी धुवू की नको. शिवाय जाता जाता हेही विचारलंय की पुरुषानं हे करणं विचित्र दिसेल का. त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, आपल्या नागपुरात बर्डीवर नाहीतर महालात टेलर लोकांच्या दुकानात एकदा डोकावून या, मशीनवर कोण बसलेलं आहे ते पहा, बस.

आता खरं सांगू का, तुमची अडचण मशीनची नाहीच आणि मला तर वाटते वेळेचीही नाही. अर्धा तास पुष्कळ असतो. अडचण ही की तो अर्धा तास तुमचा नसतो, दहाव्या मिनिटाला धाकटा उठतो, मोठ्याला शी लागते, कुकरची शिट्टी होते, ऑफिसचा फोन येतो आणि हातातलं टाकून उठावं लागते. मग परत बसलो की आधी दहा मिनिटं आपण कुठं होतो हेच शोधण्यात जातात. माझ्याकडे मानेवाड्याला घरी गेली बावीस वर्षं बाया शिकायला येतात, त्यातल्या ज्यांनी मधेच सोडलं त्यातल्या बहुतेकींनी याच कारणानं सोडलं, हात वाईट होता म्हणून सोडणारी मला एखादीच आठवते. म्हणून मी पहिल्या दिवशी टाका शिकवत नाही, कामाचे दोन ढीग करायला लावते. एका ढिगात मधेच सोडता येणारी कामं, दुसऱ्यात न सोडता येणारी.

गोधडीत न सोडता येणारी कामं तीनच आहेत. कापड कापणं, थर फरशीवर पसरून कच्चे टाके घालणं आणि मशीन चालवणं. बाकी सगळं, म्हणजे हाताचा धावदोरा, कडा दुमडून शिवणं, फॉल उसवणं, हे कुठल्याही टाक्यावर थांबवता येते, सुई कापडात खोचली की झालं. तर ती तीन कामं बायको घरी असेल त्या दिवसासाठी ठेवा, लेकरं तिच्याकडे द्या आणि दार लावून सलग दीड-दोन तास बसा. रोजच्या अर्ध्या तासात फक्त सोडता येणारं काम करायचं. एवढं पाळलं ना तरी निम्मी लढाई जिंकली समजा.

यावरूनच मशीनचं उत्तर निघते. पहिले सहा महिने घेऊ नका. तुम्हाला जी गोधडी हवी ती मुळात हातशिलाईचीच आहे, आपल्या आज्या-पणज्यांनी मशीनशिवायच शिवल्या. दुसरं म्हणजे घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जागा वीतभर असते, त्यातून डबलबेडच्या गोधडीची गुंडाळी सरकवणं नवख्याचं काम नाही, माझेही खांदे भरून येतात. तिसरं, दीड वर्षाचं पोरगं आणि पायमशीनचं फिरतं चाक एका खोलीत, हे मला काही बरोबर वाटत नाही. आणि ती ऑनलाइन मिळणारी हातात धरायची स्टेपलरसारखी मशीन तर घेऊच नका, ती साखळीटाका घालते, एक टोक सुटलं की ओढत जा, सगळी शिलाई हातात येते.

सामान कमी लागते. गोधडीचा जाड सुती दोरा, सात-आठ नंबरच्या सुयांचं एक पाकीट, सुई ढकलायला बोटात घालायचं अंगुस्तान, टेलरचा खडू, मापाची टेप, टाके कापायची उसवणी आणि एक चांगली कात्री जी घरात कागद कापायला कोणीच घेणार नाही (माझ्या कात्रीला मी लाल फीत बांधली होती, तरी नवऱ्यानं दुधाची पिशवी कापलीच). हे सगळं इतवारीत एका फेरीत होऊन जाते.

आता साड्यांकडे येऊ, इथं जरा सावकाश वाचा. बहुतेक लोक आधी कात्री घेतात, चौकोन पाडतात आणि मग जोडत बसतात. चौकोनाची गोधडी सुंदर दिसते, नाही म्हणत नाही, पण तिचं गणित नवख्याला रडवते. समजा ५ इंची चौकोन कापले, चारी बाजूंनी दोन सूत, म्हणजे पाव इंच शिलाईत गेलं, राहिला साडेचार इंच. असे ८ ओळीत जोडले तर ३६ इंच व्हायला पाहिजेत. पण प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंनी फक्त अर्धं अर्धं सूत जास्त गेलं तर ७ जोडांत सात सूत गेलं, म्हणजे जवळपास एक इंच. आणि पुढच्या ओळीत अर्धं सूत कमी गेलं तर ती ओळ तेवढीच लांब. मग दोन ओळी एकमेकींना जोडायला जाता आणि त्या जुळतच नाहीत, कापड ताणता, चुण्या पडतात, चिडचिड होते आणि बोचकं परत कपाटात जाते.

त्यापेक्षा जुन्या बाया करायच्या तसं करा, साडी कापायचीच नाही. साडेपाच मीटरची साडी तीन पदरी दुमडली की साधारण ६ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होते, तीन थर आपोआप तयार. एका साडीची एक एकेरी गोधडी, एकही काप न देता. दोन साड्या एकावर एक ठेवल्या की सहा थर, ती आपल्या इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीला पुरते. त्यापेक्षा जाड करू नका, सहा थरांच्या पुढे नवख्याच्या हातानं सुई सहज जात नाही आणि नागपुरात जाड गोधडी वर्षातले दोन महिने वापरणार, बाकी दहा महिने लोखंडी पेटीत. कापूस भरायचं तर मुळीच मनात आणू नका. सुटा कापूस भरला की दोन-तीन इंचावर टाके घालावेच लागतात, नाहीतर पहिल्या धुण्यात गोळे होतात. माझी पहिली दुलई अशीच झाली होती, मधे पोकळ आणि कडेला बटाटे भरल्यासारखी. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण पाहुण्यांना ती कधी दिली नाही.

साडी विरलेली असेल तर उजेडासमोर धरून पहा, जिथं जाळीसारखं दिसते तो भाग मधल्या थरात जाईल अशी घडी घाला. काठ लांबीच्या दोन्ही कडांना राहू द्या, काठ घट्ट विणलेला असतो, कड आपोआप मजबूत होते. पदर वर यायला हवा असेल तर घडी तशी फिरवा. हा घडीचा खेळ एक रविवार सहज खातो पण त्यातच मजा आहे.

नऊच्या नऊ साड्या सुतीच आहेत याची खात्री करा हं. आपल्याकडे सुती म्हणून घेतलेल्या कितीतरी साड्यांत आणि ओटीत आलेल्या ब्लाउज पीसमधे पॉलिस्टरची भेसळ असते. आतल्या कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा, लेकरं झोपल्यावर आणि बेसिनपाशी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून आकसतो आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. तसा मणी आला तर ती साडी बाजूला ठेवा, भेसळीच्या कापडात सुई जड जाते आणि मे महिन्यात ते अंगाला चिकटते. रंगाचीही परीक्षा घ्या, पांढरा रुमाल ओला करून लाल, निळ्या आणि काळ्या काठावर जोरात घासा. रुमाल रंगला तर ती साडी दोन-तीनदा वेगळी धुवा, तरी रंग सुटत असेल तर फिक्या साडीसोबत जोडू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मिलच्या रंगलेल्या कापडाला त्यानं काही फरक पडलेला मी तरी पाहिला नाही.

कापडाचं मला जे कळते ते सासऱ्यांकडून आलं, ते एम्प्रेस मिलमधे होते, जमशेदजी टाटांनी १८७७ मधे सुरू केलेली ती. मिल बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा हात कापडावर पडला की ताणा म्हणजे उभा धागा कुठला आणि बाणा म्हणजे आडवा कुठला हे डोळे मिटून सांगायचे. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट तुम्हाला देते. कापड लांबीकडून ओढा, फारसं हलत नाही. आडवं ओढा, थोडं ताणते. तिरपं ओढा, रबरासारखं येते. त्यामुळे सरळ पट्टी हवी असेल तर सुती कापड कापू नका, कडेला छोटी चीर द्या आणि फाडा, ते धाग्यानंच सरळ फाटत जाते. खडूनं आखून कात्रीनं कापलेलं नवख्याचं नेहमी तिरपं जाते आणि तिरपी गेलेली कड शिवता शिवता लांबते.

आता टाका. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली, एवढंच. इंचात तीन टाके पुरे. नवीन लोक दोरा खूप लांब घेतात, परत परत ओवायचा कंटाळा म्हणून, मग गुंता होतो. हातभर घ्या, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, गाठी कमी पडतात. गाठ कापडावर ठेवायची नाही, सुई थराच्या आतून घालून हळूच झटका द्यायचा की गाठ टक करून आत जाते. तो टकचा आवाज आला की समजायचं बरोबर झालं, पहिल्यांदा आवाज आला की सगळ्या बाया हसतात. सहा थरांतून सुई एका दमात जाणार नाही, उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालून मागून ढकला, डाव्या हाताचं बोट खाली ठेवा, टोक टोचलं की सुई वळवा. खालच्या बोटाला आठवडाभर टोचेल, मग तिथली कातडी घट्ट होते.

कच्चे टाके नीट घातले तर पुढचं सगळं सोपं. फरशी पुसून कोरडी करा, सगळ्यात खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा, चारी कडा कागदी टेपनं फरशीला चिकटवा, ताणून नाही तर नुसत्या सरळ. त्यावर बाकीचे थर, हातानं मधून कडेकडे चुण्या काढत. मग लांब लांब टाके, चार बोटांच्या अंतरावर, मधून सुरू करून बाहेर. हे करताना कूलर बंद ठेवा, मी एकदा कूलर चालू ठेवून बसली होती, वरचा थर पतंगासारखा उडून राहिला होता. कूलरवरून आठवलं, कूलरच्या आणि पावसाळ्याच्या ओलीनं सुया गंजतात, गंजलेली सुई कापडावर डाग पाडते, डबीत खडूचा एक तुकडा टाकून ठेवा.

किती दिवस लागतील? हे हातावर, कापडावर आणि ओळींच्या अंतरावर अवलंबून आहे, पण हिशोब काढता येते. नवखा माणूस ३६ इंचाची एक ओळ साधारण पंधरा मिनिटांत घालतो. ६ फूट बाय पावणेचार फुटाच्या गोधडीत एकेक इंचावर ओळी घातल्या तर ७२ इंचाच्या ४५ ओळी, म्हणजे साडेबावीस तास, तुमच्या अर्ध्या तासाच्या ४५ बैठका. दोन इंचावर ओळी ठेवल्या तर निम्म्यात होते आणि कापूस नसल्यामुळे दोन इंच चालते. डबलबेडची म्हणाल तर ५ बाय साडेसात फुटाची, एकेक इंचावर, ७५ बैठका, त्याही एकही दिवस आजारपणात न गेलेल्या, आणि लेकरांच्या घरात असं होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून माझं ऐका, डबलबेड विसरा, एकेरी करा. नऊ साड्यांच्या दोन-दोन लावून चार होतात, बहीण-भावांतही एकेक देता येईल.

आणि त्याच्याही आधी, आईच्या साड्यांना हात न लावता, घरातल्या जुन्या चादरीचं १८ इंची चौकोनी आसन करा. चार-पाच बैठकांत होते. वाकडं होणार, होऊ द्या, त्या वाकड्यात तुमचा टाका बसतो. दुसरं आसन करा. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक दिसला की मग साडी काढा. आईची साडी सरावाला घेतली ना, तर एक टाका चुकला तरी जीव तुटतो आणि हात आखडतो, हे मी दोघींच्या बाबतीत पाहिलं.

क्लासचं असं आहे की आपल्याकडच्या शिवणक्लासमधे परकर, झबलं, ब्लाउज, सलवार शिकवतात, ते चांगलंच आहे पण गोधडीला त्यातलं फारसं लागत नाही. व्हिडिओ पहा, पण एक अडचण आहे, दोऱ्याचा ताण व्हिडिओत दिसत नाही, तो हातालाच कळते. मोहल्ल्यात कोणी म्हातारी माय असेल जिनं गोधड्या शिवल्यात, तिच्याजवळ दोन दुपारी बसा, लेकरं घेऊन. तिला लेकरं पाहून बरं वाटेल आणि तुम्हाला तो ताण कळेल.

पुढं कधी मशीन घ्यावीशी वाटलीच तर जुनी काळी लोखंडी पाहा, दुकानात जाताना आपल्या साडीचा सहा पदरी तुकडा सोबत न्या आणि त्यावरच चालवून मागा. चार पदरापर्यंत १४ नंबरची सुई, जाडाला १६. खालून दोऱ्याचं जाळं आलं की सगळे बॉबिनला शिव्या देतात, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, तो ताणाच्या चकत्यांमधे नीट बसलेला नसतो. सुईजवळचा कापड दाबणारा फूट वर उचलून ठेवा आणि दोरा पहिल्यापासून परत ओवा, दहातल्या आठ वेळा तेवढ्यानंच जमते. तेल मशीनचंच घाला, खोबरेल नाही, थंडीत ते गोठते आणि मशीन जड होते, मग मेकॅनिक पैसे घेतो.

लेकरांचं शेवटी लिहून राहिली पण करायचं सगळ्यात आधी आहे. सुया मोजा. मी पाचच सुया बाहेर काढते, बैठक उठली की पाच मोजून डबीत, डबी कपाटावर. हा नियम कसा आला तर एकदा चारच भरल्या, उद्या शोधू म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी पाचवी माझ्याच टाचेत सापडली. नशीब माझी टाच होती, तेव्हा पोरगी रांगत होती. एक लोहचुंबक घेऊन ठेवा, फरशीवरून फिरवला की टाचण्यासुद्धा येतात. चालू काम स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवीत नको, पिशवी पोट्टे उलटी करतात. आणि हो, कोणी तान्ह्या बाळासाठी गोधडी मागितली तर खाली अंथरायला, जागेपणी खेळायला द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, नाका-तोंडावर येते. आपल्या आज्या घालायच्या म्हणून वाद घालू नका, मी घालत होते, आता नाही घालत.

धुण्याचं राहिलं. तुम्ही लिहिलं की धुतलं तर आईचा वास जाईल. जाईल दादा, खोटं कशाला सांगू. पण न धुता शिवता येत नाही, खळ असेल तर सुई अडते, डांबरगोळ्यांचा वास अंगावर घेऊन झोपवत नाही, आणि शिवल्यावर पहिल्या धुण्यात एक साडी आटली, दुसरी नाही, तर गोधडी कायमची चुणते. आठ धुवा. आठात चार गोधड्या होतात, तसंही एक उरतेच. ती तशीच राहू द्या.

धुण्याआधी फॉल काढा, त्या आठही साड्यांचे. फॉलचा जाड थर राहिला की तिथं सुई तुटते. हे काम कुठंही सोडता येते, टीव्ही पाहता पाहता होते, सुरुवातीला हात बसवायलाही चांगलं. उसवणी तुमच्याच हातात ठेवा, तीन-चार टाके सोडून एकेक कापत जा, आणि कापलेले धागे ओढून काढायला मोठ्याला बसवा. माझ्या पोरीनं पाच वर्षांची असताना एका दुपारात दोन साड्यांचे धागे काढले होते आणि त्यांचा गोळा करून मांजरासाठी ठेवला होता, मांजर आमच्याकडे नव्हतंच.